वाळूवरची पंगत

२५ डिसेंबर, धुळे

सकाळी आठ वाजता माझ्या मुलीच्या, मनीषाच्या गॅलरीत मी कालचेच ओले कपडे पिळून पुन्हा वाळत घालत होते. खानदेशात डिसेंबरात कडाक्याची थंडी असते आणि कपडे दोन तासांत वाळतात, असं मनीषा फोनवर म्हणाली होती, म्हणून मी सांगलीहून तीनच साड्या आणल्या होत्या. मी उतरले त्या संध्याकाळपासून पाऊस सुरू होता. जोराचा नाही, पण थांबतही नव्हता. खालचा दूधवाला भर डिसेंबरात डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून फिरत होता.

मी सांगलीत खाणावळ चालवते. रोज तीस-पस्तीस माणसं जेवतात. वर्षातून एकदा आठ दिवस ती बंद ठेवते आणि कुठेतरी जाते. या वर्षी मुलीकडे आले. तिचा नवरा प्रशांत नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मला तो मामी म्हणतो. घरातली तिसरी खोली त्याने नुकतीच रंगवून घेतली होती. नवी खाट, नवी गादी, भिंतीवर हात धरायला लोखंडी दांडी.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"मायसाठी. पण ती येत नाही. मामी, उद्या आपण गावी जातोय, तुम्ही तरी समजवा. बासष्ट वय झालंय, एकटी राहते. काही झालं तर मला इथून पोहोचायलाच दोन तास लागतात."

मला त्याचं म्हणणं पटलं. समजावते म्हणाले. माणसांना काय करायचं ते सांगणं हा माझा रोजचाच धंदा आहे.

२६ डिसेंबर, सातपुड्याच्या पायथ्याशी

तापी ओलांडली तेव्हा पाऊस थांबला होता. दोन्ही बाजूंच्या शेतांत शेवटच्या वेचणीची कपाशी भिजून काळी पडलेली. हरभऱ्यात पाणी. केळीच्या बागा तेवढ्या हिरव्यागार, जणू त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. उत्तरेला सातपुडा असायला हवा होता, तिथे नुसता करडा ढग होता.

माझ्या विहीणबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे दोन शेळ्या. दारात त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि हात धरून आत नेलं. तिकडे विहिणीला याहीन म्हणतात. अक्का अहिराणी बोलतात आणि मला ती निम्मी कळते, पण निम्म्यात आमचं भागतं.

जेवायला कळण्याची भाकरी होती, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ठेच्यावर कच्च्या तेलाची धार. आमच्याकडे खर्ड्याबरोबर दही देतात. इथे तिखटावर उतारा म्हणून तेल. मी हात आखडता घेतला तर अक्का म्हणाल्या, "खाय ना व याहीन, खानावळवाली शे ना तू?" आणि आणखी एक पळी ओतली.

दुपारी मी विषय काढला. खोलीचं, खाटेचं, हात धरायच्या दांडीचं सगळं सांगितलं.

"दांडी?" अक्का हसल्या. "मी काय कोंबडी शे का, दांडीवर बसाले?" मग शेळीपुढे पाला टाकत म्हणाल्या, "तठे मी काय करसू? दिवसभर कुलूप राखसू?"

मी म्हटलं, पडलात-झडलात तर? त्या म्हणाल्या, आजवर पडले नाही. या उत्तरापुढे कुणाचंच काही चालत नाही. मी विषय तिथेच सोडला. उद्या पुन्हा बोलू, असं मनाशी ठरवलं.

२७ डिसेंबर, नदी

सकाळी ऊन पडलं आणि सगळ्यांना हुरूप आला. हिवाळ्यात खानदेशात पाहुणा आला की शेतात भरताची पंगत बसते. वांगी आमच्या जांभळ्या वांग्यांसारखी नसतात. फिकट हिरवी, हातभर लांब. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत, म्हणजे लांबट खोल काठवटीत, मिरची-लसणाबरोबर ठेचायची आणि वर कांद्याच्या पातीची सढळ फोडणी. जाळावर फुटू नये म्हणून प्रत्येक वांग्याला काट्याने टोचावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं. चाळीस वांगी टोचली.

अडचण जागेची होती. तीन दिवसांच्या पावसाने शेतातली काळी माती पायाला घोटाभर चिकटत होती. प्रशांतचे काका, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते शेत बघून आले आणि म्हणाले, "शेतमा बठ्ठा गारा शे. नदीमा बसूत. वाळू कोरडी शे." गारा म्हणजे चिखल.

"एवढा पाऊस झालाय आणि नदीत?" मी विचारलं.

आबांना हसू आवरेना. "याहीनबाई, हाई काय तुमनी सांगलीनी नदी शे का? पावसाळामा दोनदा येस, दोनदा जास. आते तं हिवाळा शे!"

आणि नदी बघून माझंही समाधान झालं. शंभर पावलं रुंद कोरडं पात्र. मध्ये वाळूचा लांबट उंचवटा, त्यावर कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचा कमरेइतका सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेला लोखंडी पाइप. पावसाचं पाणी वाळूने पिऊन टाकलेलं. खाली बसलं तर साडीला डागही लागत नव्हता. चिखलापेक्षा हे शंभर पटीने बरं, असं सगळ्यांनाच वाटलं. पाऊस झाला होता म्हणूनच आम्ही नदीत बसलो. आता लिहिताना ते विचित्र वाटतं. त्या वेळी कुणालाच वाटलं नाही.

आम्ही पंधराएक माणसं होतो, आबांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेलो; ती वर काठावर उभी होती. काड्यांचा भारा रुमालदादा घेऊन आले होते. ते पावरा आदिवासी, डोंगरातल्या गावचे. आबांच्या केळीत कापणीला असतात आणि हंगामभर बागेतच झोपडी बांधून राहतात. त्यांनी जाळ केला, वांगी लावली आणि मग मधूनमधून डोंगराकडे बघत उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "वरे रातभर पानी शे."

वर रात्रभर पाऊस होता. हे सगळ्यांनी ऐकलं. आबा म्हणाले, "तो वरे. आपन आठे."

भरीत उत्तम झालं होतं. तेवढं लिहिते आणि पुढे जाते. जेवणं झाली, पुरुष पान लावत होते आणि मी भांडी एकात एक बसवत होते, तेव्हा पाणी आलं. गडगडाट नाही, आरडाओरडा नाही. आधी कुजलेल्या पाल्याचा वास आला. मग आम्ही आणि गावाकडचा काठ यांच्यामधल्या खोलगट भागातून तपकिरी पाण्याची एक जीभ सरकत आली, पुढे फेस आणि वाळकी पानं ढकलत. कुणी फरशीवर बादली ओतावी इतपतच.

रुमालदादा ओरडले, "भांडा सोडा! चला, चला!"

लोक उठले. घोट्याइतक्या पाण्यातून एकेक करून काठावर गेले, जाताना हाताला लागेल ते भांडं घेऊन. मी शेवटून दुसरी होते. आणि इथे मला माझ्या गावाच्या पुराने फसवलं.

सांगलीत पूर येतो तेव्हा आम्हाला दोन दिवस आधी कळतं. पाणी किती फुटांवर आहे ते विचारायचं, उद्या किती होईल याचा अंदाज करायचा, मग गॅस, तांदूळ, भांडी सगळं नीट माडीवर चढवायचं. घाबरणारा माणूस सामान घालवतो, हे मी तिथे शिकले. मी तीन पूर पाहिलेत. पूर म्हणजे काय ते मला कळतं, अशी माझी खात्री होती.

काठाला लागल्यावर मागे वळले. अक्का माझ्या मागोमाग येत होत्या, हातात परात. बडगी आणि मोठं पातेलं उंचवट्यावरच राहिलं होतं. मी म्हटलं, "अक्का, तेवढं घेऊनच या. घाई नाही. पाणी असं लगेच चढत नसतं."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. परात माझ्या हातात दिली आणि मागे फिरल्या.

बाकीचे ट्रॉलीत भांडी टाकायला वर गेले होते. माझं बोलणं दुसऱ्या कुणीच ऐकलं नाही.

मी परात धुतली नसेल तोवर मधल्या खोलगटात कमरेइतकं पाणी झालं. एखादं पोतं फाटून धान्य सांडावं तसं ते आलं, एकदम. त्यात लाकडं होती, एक प्लास्टिकची खुर्ची होती, कुणाच्या तरी केळीचे मुळासकट उपटलेले खांब होते. पलीकडे अक्का बडगी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी एक पाऊल पाण्यात टाकलं, मागे घेतलं, बडगी सोडून दिली आणि चौथऱ्यावर चढल्या.

तेव्हा दीड वाजला होता. पुढचे तीन तास मी मिनिटामिनिटाने सांगू शकते, पण सांगणार नाही.

मनीषाने तहसीलला फोन लावला. बचाव पथक निघालं, पण वाटेतली फरशी पाण्याखाली आहे, असं कळलं. फरशी म्हणजे रस्त्यावरचा ठेंगणा पूल. अक्का चौथऱ्यावर पाइपला मिठी मारून बसल्या होत्या. भोवतीची वाळू कमी कमी होत गेली आणि मग दिसेनाशी झाली. पाणी चौथऱ्याच्या अर्ध्यावर येऊन थांबलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, तिथेच. मग चार बोटं उतरलं.

"उतरतंय!" प्रशांत म्हणाला आणि ट्रॉली सोडवायला धावला. नुसतं ट्रॅक्टरचं डोकं घेऊन आत जायचं, असं त्याने ठरवलं. आबा त्याच्या बाजूने. "टॅक्टर जड शे, नही वाही जाई," ते म्हणाले.

रुमालदादा काठावर उकिडवे बसून फोनवर त्यांच्या भाषेत बोलत होते. फोन बंद करून ते आले आणि ट्रॅक्टरपुढे उभे राहिले.

"जाऊ नका, भाऊ. मनी बहीन शे वरे. दुसरा नालानं पानी आत्ते फरशीवरथी गयं. तठून आठे अर्धा तास."

दुसऱ्या नाल्याचं पाणी अजून यायचं होतं. डोंगरातून दोन नाले येतात, वरच्या अंगाला मिळतात आणि मग ही नदी होते. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण वरच्या गावातल्या एकाही माणसाचा नंबर गावातल्या कुणाकडे नव्हता. डोंगरातली माणसं इथे कामाला येतात, इथली तिकडे जात नाहीत.

"अर्ध्या तासात मी जाऊन परत येतो," प्रशांत म्हणाला. "बाजूला हो."

"भाऊ, मधमा गया आनि पानी उनं तं?"

"तुला काय कळतं रे? माझी माय आहे तिकडे!"

रुमालदादा बाजूला झाले नाहीत. प्रशांत चाकाच्या बाजूने वर चढायला लागला. मी दुसऱ्या बाजूने हात घातला, चावी काढली आणि कमरेला खोचली.

"मामी, चावी द्या."

"नाही."

"तुमची आई असती तर?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली असं लोक लिहितात. माझी चिकटली नव्हती. मी सरळ गप्प बसले. एवढंच म्हणाले, "यांचा फोन झालाय. तुझा झालेला नाही. अर्धा तास थांब."

मनीषा माझ्याकडे बघत होती. अक्कांना तिकडून आमचं भांडण दिसत असणार, ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांनी एकदा हात वर केला. या असा, की येऊ नका असा, ते कुणालाच कळलं नाही.

पंचवीस मिनिटांनी दुसरं पाणी आलं. या वेळी आवाजही होता. ट्रॅक्टर जिथून उतरवायचा होता तो उतार आमच्या डोळ्यांदेखत कापला गेला, सुरीने गूळ कापावा तसा. चौथरा दिसेना. नुसत्या अक्का दिसत होत्या, पाण्यावरच बसल्यासारख्या. प्रशांत खाली बसला आणि त्याने तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही. मी पाठवलं होतं, तेव्हा बघणंही मलाच भाग होतं. त्या पाइपाचा सिमेंटमधला भाग किती खोल असेल, मोटार बसवणाऱ्याने काम मन लावून केलं असेल की उरकलं असेल, याचाच मी विचार करत होते.

त्याने मन लावून केलं होतं.

साडेचारच्या सुमाराला चौथऱ्याच्या कडा वर आल्या. रुमालदादांनी पुन्हा फोन लावला, वर पाणी ओसरल्याचं ऐकलं आणि मगच उठले. केळीच्या गाडीचा दोर, ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब आणि बागेतले दोन गडी. समोरून न जाता ते बरेच वर चालत गेले, तिथून पाण्यात शिरले आणि वाहत वाहत तिरपे येऊन चौथऱ्याला लागले. दोराचं एक टोक काठावर आम्ही सातजणांनी धरलं होतं. अक्कांना ट्यूबमध्ये बसवून आणलं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम होतं.

काठावर आल्यावर अक्कांचा उजवा तळहात फाटलेला दिसला. पाइपच्या कडेने कापला होता. प्रशांत आधी रडला आणि मग सगळ्यांसमोर ओरडला, "कसाले गयी व्हती तू परत? भांड्यासाठी? डोकं आहे का जागेवर?"

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दात वाजत होते, तरी शब्द स्पष्ट होते.

"मीच गऊ. कोनी नही सांगं. तुन्हा बापनी बडगी व्हती."

"बस," प्रशांत म्हणाला. "आता तुझं काही ऐकायचं नाही. उद्या घराला कुलूप. शेळ्या आबांकडे. धुळ्याला चलायचं."

अक्कांनी ओला पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला. याहीन म्हणजे पाहुणी, आणि पाहुणीचा चारचौघांत अपमान होऊ द्यायचा नाही, हे त्यांनी दात वाजत असतानाही सांभाळलं होतं. त्याबदल्यात आपलं घर जाईल, हे त्यांना तेव्हा कळलं असेल की नसेल, मला माहीत नाही. मला कळलं. पथक आलं, हाताला टाके पडले, आम्ही घरी आलो. मी पिठलं-भात केला. सगळे जेवले.

२८ डिसेंबर

सकाळी सातला प्रशांत दोन पोती घेऊन भांडी बांधत होता. आबा शेळ्या सोडायला आले होते. मनीषा धान्याच्या कोठीचं झाकण लावत होती. अक्का अंगणात खाटेवर उन्हाला बसल्या होत्या, पट्टी बांधलेला हात मांडीवर. आपलं घर पोत्यात जाताना बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "त्या डब्बामा बियानं शे, दमानं ठेव."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि अंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"प्रशांत, अक्का काल आपणहून परत गेल्या नाहीत. मी पाठवलं. रुमालदादा भांडी सोडा म्हणत होते आणि मी म्हटलं, घाई नाही, घेऊनच या. माझ्या शब्दाखातर त्या गेल्या. हे मी कालच सांगायला हवं होतं."

पोत्यात अर्धं गेलेलं पातेलं त्याच्या हातात तसंच राहिलं. आबांनी शेळीचा दोर सोडून दिला. मनीषा म्हणाली, "आई!"

"कसाले बोलनी तू?" अक्का माझ्यावर खेकसल्या. "झायं ते झायं. काय गरज व्हती?"

"गरज होती," मी म्हटलं. "त्याला वाटतंय तुमचं डोकं चालत नाही. तुमचं चालतं. काल माझं चाललं नाही. तुम्हाला धुळ्याला न्यायचं तर खुशाल न्यावं, पण ते कारण सांगून नाही."

प्रशांतने पोतं भिंतीशी टेकवलं, चप्पल घातली आणि केळीच्या बागेकडे चालू लागला, रुमालदादांच्या झोपडीच्या दिशेने. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गाडीत बसवतानाच काय ते दोन शब्द. पोतं मात्र मी निघेपर्यंत तिथेच भिंतीशी होतं. बांधलं नव्हतं, उपसलंही नव्हतं.

आबा शेळ्या न घेताच गेले.

अक्का अजून पुटपुटत होत्या. डाव्या हाताने केस सारखे करायला गेल्या आणि खांद्यावर वाळू सांडली. काल कुणाला ते सुचलंच नव्हतं. अंबाड्यात मूठभर वाळू, बारीक काड्या, एक सबंध वाळकं पान. मी मनीषाकडून फणी आणि खोबरेल तेल मागून घेतलं, खाटेवर त्यांच्या मागे जाऊन बसले आणि अंबाडा सोडला.

"डोकं हलवू नका," मी म्हटलं.

त्यांनी हलवलं नाही. वाळू निघायला तासभर लागला.